तुटायचा बोल्ट

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. आणि भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा... हे भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात, स्वयंपाकघराच्या खिडकीमागच्या गवतात.

आमच्या वहिनीचा पहिला नवरा तापानं गेला. दादा लग्न करून तिच्याच घरी राहायला गेला. घर पहिल्याचं, ट्रॅक्टर पहिल्याचा, ट्रॅक्टरमागे जोडायचा गवत कापायचा कटरही पहिल्याचाच.

वहिनी कामसू, शांत. दादाला काही कमी पडू द्यायची नाही. फक्त त्याच्यासमोर कधी हसायची नाही.

दादा त्या मेलेल्या माणसावर जळायचा.

आम्ही चिडवायचो, "अरे, जो नाहीच त्याच्याशी कसली बरोबरी?"

"म्हणूनच तर हरतोय," तो म्हणायचा. "जिवंत असता तर कधीतरी चुकला असता."

त्या दुपारी कटर खिडकीजवळच्या पट्ट्यात शिरला आणि...

खट्.

ट्रॅक्टरची फिरकी पात्यांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, बोल्ट तुटला. हा बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचा घालतात. पात्यांखाली दगड आला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दादानं दुसरा घातला. पुन्हा तिथेच...

खट्.

त्यानं इंजिन बंद करून गवत हातानं चाळलं. दगड नाही, खुंट नाही, तार नाही. पाती ढकलून पाहिली, अलगद फिरली. गिअरबॉक्सचं तेल बरोबर. बेअरिंगची कुरकुर नाही.

खोट कुठेच नव्हती.

खिडकीतून वहिनी म्हणाली, "ते त्या पट्ट्यात नेहमी पलीकडून शिरायचे."

झालं. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते गेले," तो म्हणाला. "आता मी चालवतो."

वहिनी खिडकीतून बाजूला झाली.

मग दादानं ते केलं, जे शहाणा मेकॅनिक कधी करत नाही. मऊ बोल्टच्या जागी पोलादी बोल्ट ठोकला. बघू आता कसा तुटतो! बोल्ट तुटला नाही तर दुसरं काहीतरी तुटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण डोक्यात राग शिरला की अक्कल चरायला जाते.

कटर पट्ट्यात शिरला.

बोल्ट टिकला. गवत सपासप आडवं झालं. दादा खूश. त्यानं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि खाली उतरला.

पाती फिरतच होती...

जड पाती असतात, इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरतात. दादा थांबला. घाम पुसला. पाणी प्यायला.

पाती थांबेनात.

त्यानं वाकून पाहिलं. शाफ्ट जागच्या जागी स्थिर होता. त्यालाच जोडलेली पाती मात्र...

आणि स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं.

वहिनीचं. अगदी मनापासूनचं. दादानं ते याआधी कधी ऐकलंच नव्हतं. मग तिचं बोलणं, हळू, लाडात आलेलं. मध्येच ती गप्प व्हायची... समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी. मग पुन्हा हसायची.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. पण आधी जळफळाट झाला. हे त्यानंच मला मान खाली घालून सांगितलं.

तो दाराशी गेला. आतून वहिनी म्हणत होती, "हळू बोला ना... बाहेर ऐकू जाईल."

त्यानं दार ढकललं.

त्याच क्षणी मागे पाती थांबली.

आत वहिनी एकटीच भांडी विसळत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. दादाला पाहून ते मावळलं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मी? कोणाशी बोलणार मी? भांडी घासतेय."

ती खोटं बोलतेय असं त्याला वाटलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो पोलादी बोल्ट काढायला बसला. वहिनी मागे येऊन उभी राहिली.

"राहू द्या ना तो," ती म्हणाली. "चांगला बसलाय."

बोल्ट बदलल्याचं त्यानं तिला सांगितलंच नव्हतं...

तो बोल्ट तसाच राहिला.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेलो. घरामागे गवताची काडी उरली नव्हती. तरी दादा रोज दुपारी कटर फिरवतो, नुसत्या मातीवर. तो पार वाळून गेला होता. वहिनी मात्र चांगली उजळली होती.

"विकून टाक ना ते यंत्र," मी म्हणालो.

"ते चालतं तेव्हाच ती हसते रे. मला निदान ऐकायला तरी मिळतं." त्यानं कटरकडे पाहिलं. "आणि विकलं, आणि त्याच्यामागे तीही गेली, तर?"

आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. कटर समोरच होता, ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवलेला. बंद.

आणि आत वहिनी हसली...

दादानं माझं मनगट घट्ट धरलं. "तुला ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलेलो नाही.