घरचाच पोरगा वगळला

अर्धी भाकरी अजून ताटात होती आणि भामावहिनीने आनंदाच्या पुढ्यातलं ताट उचललं! मोरीत नेऊन ठेवलं आणि ती पाठमोरी तशीच उभी राहिली... आई गेल्यावर जिने या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं भरवलं, तापात त्याच्या उशाशी बसून राहिली, तिनेच आज त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता. आनंदाच्या बोटांना कालवण लागलेलं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना.

थोरला भाऊ जनार्दन जेवायचा थांबला. आतल्या खोलीतून हृतिकचे, जनार्दनच्या एकुलत्या एका मुलाचे, हुंदके ऐकू येत होते.

"सगल्या गावाची पोरं चांगली नि आपलाच पोरगा वाईट?" जनार्दन म्हणाला. "कारण तरी सांग."

"त्याचा डावा पाय कच्चा हाय, दादा. तिथं टिकायचा नाय तो."

हे धादांत खोटं होतं. खांदा कॉलनीच्या मैदानावर तिथल्या क्लबचा फुटबॉल कोच म्हणून आनंदाने आजवर इतकी पोरं घडवली, पण हृतिकसारखा डावा पाय त्यातल्या एकाचाही नव्हता! पुण्याच्या फुटबॉल अकादमीने पंधरा वर्षांखालची मुलं निवडून पाठवायला सांगितली, तेव्हा आनंदाच्या मनात पहिलं नाव आलं ते पुतण्याचंच. पण सरावानंतर त्याने मुलांना सांगितलं की, पुण्यात प्रत्येकाच्या हाताचा एक्स-रे काढतात, हाडांवरून खरं वय ओळखतात, तेव्हा वय चोरणाऱ्यांनी आधीच घरी बसावं. पोरं हसली. बुटाची नाडी सोडता सोडता हृतिकही हसला आणि म्हणाला, "आपल्याला काय भ्या, मी तर अजून चौदाचा."

आनंदा मनातल्या मनात वर्षं मोजू लागला. चौदा? पोरगा तर पंधराचा होऊन गेला होता! घरात दरवर्षी केक कापला जायचा, पण वर्षं मोजायची सवय कुणालाच नव्हती. आनंदाला मात्र ते साल जन्मात विसरणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी मुंबईच्या एका मोठ्या क्लबने त्याला चाचणीला बोलावलं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. दादा ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदराच्या रांगेत अडकलेला. आनंदाने बुटांची पिशवी कोपऱ्यात टाकली, वहिनीला रिक्षात घातलं आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेला तो इवलासा जीव पहिल्यांदा त्याच्याच हातात आला, तेव्हा गेलेल्या चाचणीचं दुःख त्याला आठवलंसुद्धा नाही.

मग हे एक वर्ष गेलं कुठे, तेही त्याला हळूहळू आठवलं. जन्माचा दाखला काढायचा राहून गेला होता. हृतिक लहानपणी फार आजारी असायचा, शाळेत उशिरा गेला. तेव्हा शेजारणीने वहिनीला सुचवलं की, दाखला काढताना वय वर्षभर कमी सांग, पुढे नोकरीत फायदा होतो. भोळ्या वहिनीने तसंच सांगितलं आणि ती विसरूनही गेली!

आता हे बोलायचं कुणाला? बोललं तर पोराच्या नावाला वय चोरल्याचा बट्टा लागणार, त्याच्यासोबत खेळलेल्या बाकीच्या मुलांनी जिंकलेलं सारं मातीत जाणार, आणि दादाचा स्वभाव असा तापट की, आपल्या हाताने पोराचं वाटोळं केलंस, हे तो वहिनीला मरेपर्यंत ऐकवणार. न बोलता पोराला पाठवलं तर ती लबाडी, आणि एक्स-रेत सगळं उघडं पडणार ते वेगळंच. कुठूनच वाट नव्हती... शेवटी पुतण्याचं नाव यादीतून वगळून आनंदाने स्वतःच वाईट व्हायचं ठरवलं.

आणि तो वाईट झालाही, अगदी मनासारखा! जनार्दनची क्लबच्या कमिटीत ऊठबस होती. महिनाभरात आनंदाचं मैदान गेलं, पुढच्या कोचिंग कोर्सला क्लब त्याला पाठवणार होता तेही बारगळलं, आणि त्याच्या जागी अपूर्व नावाचा कॉलनीतला सुशिक्षित तरुण आला. आनंदा जासईच्या एका कंटेनर यार्डात लागला. तिथे चारी बाजूंना एकावर एक रचलेले कंटेनर, मधून जेमतेम ट्रक जाईल एवढी वाट, आणि घरी आलं की परसातली पत्र्याची खोली. वहिनी डबा उंबऱ्यावर ठेवून जायची. हृतिक समोर आला की मान फिरवायचा. सत्य सांगून या कोंडीतून सुटणं त्याच्या हातात होतं, आणि तेच त्याला करायचं नव्हतं. घर सोडावं असं शंभरदा मनात येई, पण भिंतीपलीकडून पोराचा आवाज तरी ऐकू येतो, एवढ्यावर तो बापडा तिथेच राहिला.

वर्ष सरलं. अपूर्वने सोळा वर्षांखालच्या संघात हृतिकला घेतलं आणि पालकांना बोलावून दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेची माहिती दिली. त्याच दुपारी वहिनी परसातल्या खोलीशी आली. आज तिच्या हातात डबा नव्हता.

"आनंदा," ती म्हणाली. वर्षभरात तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. "हाताच्या फोटूत वय दिसतं काय रं?"

नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या माउलीच्या डोळ्यांत बघून त्याला खोटं बोलता येईना. "दिसतं, वयनी."

ती उंबऱ्यावर बसली. "मंजे तुला ठावं होतं... माझ्यापायी तू आपलं समदं घालवलंस."

"तू काय बोलू नको," आनंदा व्याकूळ होऊन म्हणाला. "उद्या त्याला ताप आलाय म्हणून सांग नि घरीच ठेव. मी असाच बरा हाय."

"तुझं भरलं ताट उचललं मी, आनंदा." ती त्याच्या पायांशी वाकली. त्याने तिचे दोन्ही हात वरच्या वर धरले, आणि ते दोघेही लहान मुलांसारखे रडले.

पण भामा आता थांबणारी नव्हती. ती तशीच घरात गेली आणि नवऱ्यासमोर, मुलासमोर, तिने सगळं सांगून टाकलं. जनार्दन तिच्यावर ओरडला नाही. तो ओट्यावर जाऊन डोकं धरून बसला, कारण भावाला मैदानावरून हाकलण्याचं पाप त्याचं एकट्याचं होतं. हृतिक मात्र धावत परसात आला.

"काका, मंग माझा डावा पाय?"

"असा पाय मी दुसरा पायला नाय, राजा."

वर्षभर त्या एका वाक्याने पोरगा आतून कुरतडला गेला होता. काकाच्या छातीवर डोकं टेकून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या आधीच हृतिकने अपूर्वला आपलं खरं वय सांगितलं. पुढचं वर्षभर त्याला कुठल्याही स्पर्धेत उतरता येणार नाही, असं कमिटीने ठरवलं; त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून बाकीच्या मुलांच्या बक्षिसांना मात्र हात लावला नाही. जनार्दन भावाची जागा परत मागायला निघाला, तर आनंदाने त्याला अडवलं. त्या अपूर्वने कुणाचं काय वाईट केलंय, दादा, एवढंच तो म्हणाला.

म्हणजे पोराला संघ नव्हता आणि काकाला मैदान नव्हतं. तरी कमिटीच्या निर्णयानंतरच्या सकाळी उजाडताच, यार्डाची पाळी सुरू व्हायच्या आत, दोघं मैदानाच्या एका कडेला येऊन उभे राहिले. तिकडे अपूर्वची पोरं ओळीने धावत होती. इकडे आनंदाचा अख्खा संघ म्हणजे एकटा हृतिक! क्लबची शिट्टी कधीच परत केलेली होती, म्हणून आनंदाने दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली, आणि हृतिक जीव तोडून धावत सुटला.