खाणीतली गळाभेट

कंदील जरा जवळ ओढा, लाइट काही इतक्यात येत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट रात्रीची नाही. सकाळचे अकरा वाजले होते, हातात तिकीट होतं, पुढं गाइड होता. मी शिला, हिंगोली आगारात कंडक्टर आहे. अकरा वर्षं शेवटच्या फेरीचे दारुडे गाडीतून उतरवलेत, त्यामुळं मी सहसा कशाला भीत नाही.

बरोबर माझी सासू होती, भिकाबाई. ऐंशीला टेकलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. तिला मी याडी म्हणते, आमच्या तांड्यात आईला तेच म्हणतात. ती पोटात असताना तिचा बाप थावरा सोन्याच्या खाणीवर कामाला गेला. निजामाचं राज्य होतं तेव्हा. बैलांवर माल वाहायचा आमचा धंदा मोटारींनी बसवला होता. थावरा परत आला नाही आणि मेल्याचा निरोपही आला नाही. तांड्यानं याडीच्या आईला सांगितलं, दंडावरचा चुडा उतरव. ती म्हणाली, आधी मढं दाखवा. मरेपर्यंत तिनं चुडा उतरवला नाही.

आता अडचण अशी, की दिवाळीला आमच्यात विस्तवावर तूप-लापशी सोडून घरातल्या गेलेल्यांना नावानं हाक मारतात. जिवंत माणसाचं नाव तिथं घेत नाहीत आणि थावरा मेला असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. म्हणजे मेला असेल तर ऐंशी वर्षं उपाशीच. याडीला एवढंच हवं होतं, डोळे मिटायच्या आत बापाला एकदा जेवू घालायचं.

ती खाण आता पर्यटकांना उघडल्याचं मला मोबाइलवर दिसलं. कर्नाटकात आहे. माझा नवरा संतोष म्हणाला, "येड लागलं का दोघींला?" मी त्याच दिवशी रजा टाकली आणि कनेरगाव नाक्यावरच्या फारुकची गाडी ठरवली.

खाणीच्या ऑफिसात गाइडनं जुन्या कामगारांची यादी पाहिली. मान हलवली. "अम्मा, ऐसा कोई नाम नहीं है. और यहाँ कभी कोई दबा नहीं. सब ऊपर आए थे."

"मंग माझा बाप कुठं हाय?" याडीनं विचारलं.

त्याला मराठी कळलं नाही, तो नुसता हसला. त्या हसण्याचा मला फार राग आला. तो राग पुढं उपयोगी पडला.

फारुक वरच थांबला. आडवार असल्यानं दुसरं कुणी पर्यटक नव्हतं. डोक्यावर हेल्मेट घालून आम्ही दोघी गाइडमागं उतारानं खाली निघालो. भिंतींना बल्ब होते, पायाखाली ट्रॉलीचे गंजके रूळ, कुठंतरी पाणी टपकत होतं. याडीनं एका हातानं माझा दंड धरला होता. दुसऱ्या मुठीत आईचा चुडा होता.

शेवटाला खडकाची भिंत लागली. तिथं गाइड थांबला. पूर्वीची माणसं कशा काळोखात राबायची ते दाखवायला तो एक मिनिट दिवे बंद करतो म्हणाला. खटका पडला.

डोळे उघडे आहेत की मिटलेत ते कळेना. मी पापणीला बोट लावून पाहिलं. याडीचा हात माझ्या दंडावरून सुटला. पाणी टपकायचं थांबलं... आणि वास आला. गोठ्याचा. भिजलेल्या बैलाचा, वैरणीचा. जमिनीखाली दोनशे फुटांवर.

"याडी...?"

"गप ऱ्हा पोरी. कुणीतरी हाय..."

मग तिचं रडणं सुरू झालं. आमच्यात माणूस फार दिवसांनी भेटलं की बाया गळ्यात पडून सुरात रडतात. मागं काय काय झालं, कोण गेलं, कोण जन्मलं, सगळं त्या रडण्यात सांगतात. "बापू... लई उशीर केला रं बापू..." तिचा आवाज दबलेला येत होता, कुणाच्या खांद्यात तोंड खुपसल्यावर येतो तसा. आणि तिच्या हुंदक्यांच्या मध्ये दुसरं कुणीतरी श्वास घेत होतं. एक नाही. बरेच जण.

"मैडम... ये कौन है... मैं लाइट..." गाइड पुटपुटला.

मी चाचपडत त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "रोने दो उसको. अस्सी साल रुकी है." तो हिसका देत होता. मी सोडलं नाही. याडीनं आईच्या मरणापर्यंत सगळं रडून सांगितलं, शेवटचा सूर संपवला, तेव्हाच मी त्याचा हात सोडला.

दिवे लागले. याडी खडकाकडं तोंड करून उभी होती. मूठ उघडी, रिकामी. मी खाली, रुळांमध्ये, सगळीकडं शोधलं. चुडा कुठंच नव्हता.

"नेला त्यानं," ती डोळे पुसत म्हणाली. "ज्याचा त्याला पोचला."

वर आल्यावर गाइडनं हात जोडले, कुणाला सांगू नका म्हणाला. मी तिथल्या अभिप्रायाच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: थावरा, कामगार, कनेरगाव नाक्याजवळचा तांडा. आज भेटला. खाली माझी सही केली, बिल्ला नंबर टाकला.

निघाल्यावर दहा मिनिटांत फारुकनं गाडी हळू केली. "ताई, गाडी मागून जड काहून वाटून राहिली? आपून तर तिघंच हाव."

"तू चालव," मी म्हटलं.

घरी याडीची ओढणी दोरीवर टाकली तेव्हा पाठीकडच्या बाजूला पांढऱ्या दगडी धुळीचे हाताचे ठसे दिसले. माणसं मोजायची सवय, मी मोजले. नऊ. तीनदा धुतली, एकही गेला नाही.

दिवाळीला तांड्याचा नाईक आडवा आला. "मेल्याची खात्री न्हाई, नाव घेता येत न्हाई."

"मी गळ्यात पडून आले त्याच्या," याडी म्हणाली. "तुला खात्री पायजे तर तू जा." आणि तिनं विस्तवावर तूप सोडून बापाला हाक मारली. सकाळी ओढणीवर सातच ठसे होते. तीन जोड्या आणि एक डावा हात एकटाच, अंगठा नसलेला.

"बाकीच्यांची नावं इचारायची राहिली," याडी म्हणते. "त्यायलाबी कुणी जेवू घातलं नसंल. परत जाऊ." जाणारच आहोत. कोण अडवतंय बघते.

आज सकाळी मात्र ओढणीवर सहाच होते. तो एकटा हात नव्हता. मी वाशीमची फेरी करून घरी आले, तर याडीनं माझ्या खाकीच्या खांद्याकडं बोट दाखवलं. हा बघा, अजून ड्रेस बदललेला नाही. चार बोटं, अंगठा नाही. गर्दीत मागच्याला उतरायचं असलं की तो कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवतो ना, तसा.

मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, कुठं उतरायचं?" उद्या पहिल्या फेरीला हाच ड्रेस घालणार आहे आणि प्रत्येक थांब्यावर विचारणार आहे. त्याचं गाव आलं की कळेलच.

फक्त मघापासून, तुमच्याशी बोलता बोलता, ती चार बोटं जरा घट्ट झालीत.