तिसरा हात

एप्रिल नुकताच लागला होता. त्या दिवशी बुद्धप्रिया आणि आदर्श दाराचं हॅन्डल आणायला विष्णुपुरीहून नांदेडला गेले. सोबत मित्रा होती. मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची अडीच वर्षांची मुलगी. कपाट, डबा, नळ, दिसेल ते उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता दाराच्या दांड्यापर्यंत तिचा हात पोचायला लागला होता. आणि त्यांच्या घराचं मागचं दार उघडलं की थोडं माळरान, मग उतार, आणि उताराखाली गोदावरीचं अडवलेलं पाणी.

तिथल्या वजीराबाद भागातल्या दुकानदारानं, शेषेरावानं, लाकडी फळीवर बसवलेलं एक हॅन्डल काउंटरवर ठेवलं.

"हे बघा वहिनी. वर एक बटन, खाली एक बटन. दोन्ही एकदम दाबून धरायचे अन् मंग दांडा खाली वढायचा. आपला पंजा मोठा, आपल्याला एका हातानं दोन्ही दाबता येतेत. लेकराचे दोन्ही हात बटनालाच गुंततेत. दांडा वढायला तिसरा हात आणणार कुठून?"

मित्रानं लगेच फळी पुढ्यात ओढली. दोन्ही बटणं दाबली, दांड्याकडे पाहिलं. एक हात सोडून दांडा ओढला, तर तो जागचा हलला नाही. चिडून तिनं फळीच ढकलून दिली. आदर्श हसला. बुद्धप्रिया हसली नाही. तिनं फळी पुन्हा मित्रासमोर सरकवली आणि म्हणाली, "अजून एकदा कर बाळा."

तिच्या त्या सावधपणाला कारण होतं. मित्राच्या आधी त्यांना एक मुलगी होती, ऋतुजा. तेव्हा ते लातूरला राहत. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तीन वर्षांच्या ऋतुजानं घराचं दार उघडलं आणि ती शेजारच्या अर्धवट बांधकामावर गेली. तिथल्या हौदावर झाकण नव्हतं. त्याला आता चार वर्षं होत आली होती. आदर्शनं नोकरी बदलली, इथल्या कॉलेजात आला. ऋतुजाचा फोटो पेटीच्या तळाशी गेला. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. मित्राला आपल्याला एक बहीण होती हे ठाऊकही नव्हतं.

आदर्शनं पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना ती हॅन्डलं बसवली. खिडक्यांना किल्लीची कुलपं लावली. त्यानंतर कितीतरी दिवसांनी बुद्धप्रिया दुपारी गाढ झोपली.

जाग आली ती चेहऱ्यावर आलेल्या गरम झळेनं. कूलर चालूच होता, पण खोलीत वाळ्याचा वास नव्हता. ओल्या सिमेंटचा होता. शेवाळलेला, बंद जागेतला. ती उठून बसली. शेजारी मित्रा नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं, आणि बाहेरचं पांढरं ऊन फरशीवर आत येऊन पडलं होतं.

ती अनवाणीच धावली. पण दारातच तिला रत्नम्मा भेटली. शेजारची, देगलूरकडची म्हातारी. तिच्या कडेवर मित्रा होती.

"दार उगडं टाकून झोपलीस व्हय माय? पोरगी उताराकडं चालून राहिली होती."

बुद्धप्रियानं मित्राला घट्ट धरलं. मग तिनं विचारलं, "एकटीच होती?"

"एकटीच." रत्नम्मानं पदरानं तोंड पुसलं. जाताजाता थांबली. "पर हात असा वर धरून चालली होती बघ... कुणाचं बोट धरल्यावाणी."

रत्नम्मा गेल्यावर बुद्धप्रियानं दार लावलं. मित्राला समोर बसवलं आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवत विचारलं, "मित्रू, दार कसं उघडलंस गं?"

मित्रानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. एक वर, एक खाली.

"मी बटन दाबलं. ताईनं ओढलं."

त्यांच्या घरात भूतखेत, उतारे, अंगात येणं असलं काही चालत नव्हतं. आदर्शच्या आजोबांपासून हे सगळं घराबाहेर गेलेलं होतं, आणि बुद्धप्रियाला त्याचा अभिमान होता. संध्याकाळी आदर्शनं हॅन्डल खोलून पाहिलं. "स्प्रिंग ढिली असंल," म्हणत त्यानं स्क्रू आवळले, पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. हॅन्डल चोख होतं. ताईचं बुद्धप्रियानं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गप्प झाला असता, आणि तसा गप्प झालेला तिला बघवत नसे.

मग ती दुपारी झोपेनाशी झाली. मित्राला खेळू द्यायची आणि स्वतः भिंतीला टेकून दाराकडे बघत बसायची. बाहेर चिटपाखरू नसायचं. उन्हानं पत्रे तडतडायचे. अशाच एका दुपारी मित्रा खेळता खेळता उठली, कुणी हाक मारल्यासारखी. दारापाशी गेली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली आणि वाट बघत उभी राहिली.

दांडा हळूहळू खाली गेला.

बुद्धप्रियानं झेप घेऊन मित्राला उचललं. बटणं सुटली होती, तरी दांडा तसाच खाली राहिला. मग सावकाश वर आला. स्प्रिंगनं वर यावा तसा झटक्यात नाही. कुणीतरी जपून सोडावा तसा. आणि पुन्हा तो सिमेंटचा वास...

ती घाबरली होती, हे खरं. पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते तिला जास्त हलवून गेलं. चार वर्षं तिला एकच स्वप्न पडत होतं. त्यात ऋतुजा बंद दाराबाहेर उभी असायची आणि तिच्या इवल्या हातांना दार उघडता यायचं नाही. आज ती आली असेल तर आईनं तिला भ्यायचं? लेकरू खेळायलाच आलं असेल. खेळायला सोबत मिळाली म्हणून आलं असेल. बाहेर नेणं म्हणजे काय, हे त्या वयाला कुठं कळतं?

मित्राला पोटाशी धरून ती दारासमोर खाली बसली.

"ऋतू..." चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं. "तू आता मोठी झालीस ना गं. ही धाकटी हाय तुझी. तिला बाहेर न्यायचं न्हाई, बाळा. आतच खेळायचं. तूच सांभाळ तिला... आतच राहायचं."

वास हळूहळू विरला, आणि कूलरच्या वाळ्याचा वास परत आला.

त्या दिवसापासून दार तसं उघडलं नाही. मित्रा घरातच रमू लागली. पलीकडच्या खोलीतून तिचं बोलणं, हसणं ऐकू यायचं. बुद्धप्रिया शिरा केला की दोन वाट्या भरायची, आणि दुसरी वाटी तशीच राहिली की गुपचूप स्वतः खायची. रात्री पांघरूण घालताना मित्राच्या शेजारची जागा मोकळी सोडायची. आदर्शच्या एकदा लक्षात आलं. "अलीकडं लई खूश दिसून राहिलीस," तो म्हणाला. ती नुसती हसली. खरंच खूश होती ती.

मे महिन्यात एका दुपारी ती मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गेली. कुरडयांचं ताट तिनं स्टुलावर ठेवलं होतं. अर्ध्या गोळा झाल्या आणि मागं दार लागल्याचा आवाज आला. तिला काही वाटलं नाही. बाहेरच्या बाजूनं साधाच दांडा होता. तिनं तो दाबला. दांडा खाली गेला, पण दार हललं नाही. वरून कुठंतरी अडकलं होतं.

"मित्रू, दार लावलंस का?"

आतून उत्तर आलं, अगदी दाराजवळून. "ताईनं लावलं."

"ताईला म्हणावं, उघड."

आत कुजबुज झाली. मित्राचा आवाज होता आणि मध्ये मध्ये ती थांबत होती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग ती म्हणाली, "ताई म्हणती... आतच राहायचं."

"हाव, पण मी आई हाय ना. मला आत येऊ दे."

तिनं दार वाजवलं. पुढच्या दाराला तिनंच आतून कडी घातली होती. ती खिडकीकडे धावली. खिडकीला आतून कुलूप होतं आणि काचेवर उन्हाची तिरीप. आतलं काही दिसेना. ती परत दाराशी आली, कपाळ फळीला टेकवलं. "ऋतू, बाळा... उघड गं."

बऱ्याच वेळानं वर, चौकटीच्या अगदी माथ्यापाशी, लोखंड घासल्याचा आवाज झाला. सावकाश, ओढत. दार आपोआप आत गेलं.

मित्रा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, चटईवर बसली होती.

बुद्धप्रियानं वर पाहिलं. त्या उंच दाराच्या माथ्याला, आतल्या बाजूनं, घरमालकानं कधीकाळी लावलेली एक कडी होती. इतकी उंच की आदर्शलासुद्धा त्यासाठी स्टूल घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ती कधी वापरलीच नव्हती, आणि ती रंगात चिकटून बसली होती. आता रंगाचे पापुद्रे उंबऱ्यात पडले होते आणि कडी घासून लखलखत होती. तिनं टाचा उंचावून हात लांबवला. बोटं पोचली नाहीत. स्टूल बाहेर, तिच्याजवळच होतं.

ऋतुजा आज असती तर सात वर्षांची असती.

ती हळूच मित्रासमोर जाऊन बसली.

"मित्रू," तिनं विचारलं, "ताई... केवढी हाय गं?"

मित्रानं आईकडे पाहिलं. मग आईच्या मागे पाहिलं आणि ओळखीचं हसली. आणि तिनं मान वर करायला सुरुवात केली. आईच्या डोक्याच्या वर, दाराच्या वर, कडीच्याही वर. मान पार मागे गेली, तोंड उघडं राहिलं, तरी तिची नजर अजून वरच चालली होती.