येऊ दे

बसा साहेब. खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढून घ्या. आणि रेडिओला हात लावू नका, मी मोठ्यानं बोलते. रेडिओच्याच तक्रारीवरून तुम्ही आलात ते ठाऊक आहे मला. तक्रार कोणी केली तेही ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरच्या ठरावकाकांनी. या गल्लीत रहिवासी संघ नावाची एक करमणूक आहे, तिचे ते तहहयात अध्यक्ष. पाणी आलं नाही, करा ठराव. कुत्रं भुंकतं, करा ठराव. कुत्र्याला वाचता येत नाही, नाहीतर तेही एव्हाना सुधारलं असतं.

ते आवाज मोजायचं यंत्र ठेवा की टेबलावर. नवीन दिसतंय. तुम्हीही नवीन दिसताय. तुमच्या आधीच्या साहेबांनी बदली मागून घेतली म्हणे. घेणारच.

तो खिडकीशी बसलाय तो माझा थोरला भाऊ, दादा. नमस्कार केलात तर उत्तर मिळणार नाही, राग मानू नका. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची वाचा गेली. जन्मभर लिलावात बोली पुकारणारा माणूस, साहेब. कोपऱ्यावरून हाक मारायचा, तर वाटायचं दारातच उभा आहे. आता पाणी हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवतो.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. ओठ मिटून उघडले की होणारी अक्षरं आधी, अशी त्यांची पद्धत. पा, बा, मा. महिनोन् महिने नुसता श्वास, नुसती लाळ. आणि एका सकाळी दादा स्पष्ट म्हणाला, "बा." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? माझं जगात दुसरं कोणी नाही आणि त्याचंही. बाई म्हणाल्या, "आता याला एक एक अक्षर जोडू. बाक, बाग, बास, काही का होईना. एकदा शब्द झाला की पुढचे आपोआप येतील."

तेवढ्यात शेजारचं काम सुरू झालं.

तुमच्या कार्यालयात भिंतीवर मोठा नकाशा आहे ना, रंगीत? त्यात आमची गल्ली पिवळी. पिवळी म्हणजे राहती वस्ती, दोन मजल्यांच्या वर काही बांधायचं नाही. एके दिवशी गेले तर शेजारचा तेवढा तुकडा निळा झालेला. निळा म्हणजे दुकानं, कचेऱ्या, वर सात मजले, खाली गाड्यांसाठी दोन तळघरं. मी नकाशापाशी बसलेल्या बाबूला विचारलं, "हा निळा कसा झाला हो?" तो म्हणतो, "शाईचा प्रश्न नाही बाई, धोरणाचा आहे." शाई अजून ओली होती! माझं बोट निळं झालं, ते मी त्याला दाखवलं. त्यानं मला हात पुसायला कागद दिला. सौजन्याला मात्र तुमच्या खात्यात तोटा नाही.

मग दगड फोडायचं यंत्र आलं. सकाळी भिंत थरथरायला लागायची ती संध्याकाळपर्यंत. दादा दोन्ही कान एका हातानं झाकायला बघायचा, दुसरा हात चालत नाही ना त्याचा. बाई यायच्या बंद झाल्या. 'बा' गेला. 'पा' गेला. तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं.

आणि त्या सगळ्या गोंगाटात एक माणूस होता. माती न्यायचे ट्रक गल्लीतून उलटे खड्ड्यात उतरायचे, त्यांच्या मागे उभा राहून तो ओरडायचा. "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... हळू... हळू... बास!" ही ओळ त्या साऱ्यांचीच असते म्हणा, पण याचा सूर वेगळा. 'येऊ दे' लांबवायचा, 'हळू' अगदी मायेनं म्हणायचा आणि 'बास' असा तोडायचा की ट्रक जागच्या जागी गप्प. मी उभा जन्म टेलिफोनच्या खात्यात नोकरी केली, कानाला यंत्र लावून. आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही. गल्लीनं त्याचं नावच येऊदे ठेवलं होतं. पोरं त्याची नक्कल करत. ठरावकाकांनी मात्र तक्रारीत वेगळा मुद्दा घातला, 'कामावर एक इसम विनाकारण ओरडतो.' विनाकारण! हातोड्यांनी इमारत हलतेय आणि यांच्या कानाला खुपतो कोण, तर माणूस.

तक्रारीवर तुमचे आधीचे साहेब यायचे. आम्ही त्यांना मौनीबाबा म्हणायचो. का, तर ते नेमके कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत यायचे. यंत्रं बंद, माणसं सावलीला, गल्ली चिडीचूप. मौनीबाबा असंच यंत्र काढायचे, आकडा बघायचे आणि म्हणायचे, "आवाज आढळत नाही." मी म्हटलं, "अहो, अर्ध्या तासानं या." तर म्हणतात, "अर्ध्या तासानं माझी सुट्टी असते." आणि ठरावकाका त्यांना चहा पाजायचे! वर म्हणायचे, "शासन आपल्या दारी आलं, हेही नसे थोडके."

मग तो दिवस. दुपारची वेळ. मी दादाला भात भरवत होते. बाहेर नेहमीचं चाललेलं, "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे..." आणि पुढे काहीच नाही. 'हळू' नाही, 'बास' नाही. एक जड धप्प असा आवाज झाला, जमीन किंचित खचल्यासारखी, आणि मग कोणीतरी फाटक ओढून घेतलं. मी धावत गेले. फाटकाशी ठेकेदार उभा. म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. कडेची माती सरकली थोडी."

"आणि तो ओरडणारा माणूस?"

"तो ना? गावी गेला."

"आत्ता?"

"आत्ताच."

फाटकाच्या फटीतून दिसत होतं, मातीचा ढीग आणि त्यात मागची चाकं रुतलेला ट्रक. मी तुमच्या कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, माती सरकणं हा आवाजाचा विषय नाही, दुसऱ्या खिडकीवर जा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, माणूस हरवलाय असं ठेकेदार म्हणत नाही तर तुम्ही कोण? दुसऱ्या दिवशी त्या मातीवर काँक्रीट ओतलं, साहेब. आणि संघाच्या सभेत ठरावकाका उभे राहून काय म्हणाले? "आपल्या पाठपुराव्याला यश आलं, ओरडणारा इसम हटवण्यात आला." टाळ्या वाजल्या. मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले. अशा माणसांशेजारी आपण जन्म काढला याची शिसारी आली.

पुढच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली... आणि मी ऐकलं. लांबून, खालून. "येऊ दे..."

मला वाटलं दुसरा कोणी ठेवला असेल. पण सूर तोच. आणि ट्रक एकही नाही. रोज त्याच वेळी. सगळ्यांना ऐकू यायचं, पण गल्लीत या काळात सगळ्यांनी एकदम आपापली दारं लावायला सुरुवात केली. ठरावकाकांनी जाड पडदे घेतले. 'येऊ दे... अजून येऊ दे...' एवढंच. 'बास' कधीच नाही. आणि आवाज सरकत होता. आधी खड्ड्यात होता. मग फाटकाच्या अलीकडे. मग या भिंतीत.

एका दुपारी मी दादाचं तोंड पुसत होते. यंत्रं थांबली. दादानं ओठ उघडले. माझ्या मनात आलं, 'बा' परत आला! मी टॉवेल टाकून त्याच्यासमोर बसले. आणि दादा म्हणाला, अगदी स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता...

"येऊ दे."

आवाज दादाचा नव्हता.

मी मौनीबाबांना बोलावणं धाडलं. ते आले, अर्थात त्यांच्याच वेळेला. पहिल्यांदाच मला हवी तीच वेळ होती. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. मी खुर्ची सरकवली, आकडा वर गेला. ते खाकरले, वर गेला. मग सगळं शांत झालं आणि दादा बोलायला लागला. खोलीभर आवाज, साहेब. मौनीबाबांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. आणि आकडा... आकडा तिथल्या तिथे. एक घर हलला नाही.

"यंत्रात येत नाही," ते पुटपुटले. "म्हणजे... आवाज नाही."

"मग तुम्ही कान का झाकलेत?" मी विचारलं.

ते उठले, यंत्र घेतलं आणि गेले. चहाला सुद्धा थांबले नाहीत. आणि आठवड्याच्या आत काय व्हावं? आम्ही वर्षभर दगडावर डोकं आपटून जे झालं नाही, ते झालं. निळा रंग चुकून लागला होता म्हणे. फाटकावर नोटीस, काम बंद! मौनीबाबांनी स्वतः शिफारस केली, पुन्हा या गल्लीत पाय ठेवावा लागू नये म्हणून. ठरावकाकांनी पेढे वाटले. रोग परवडला, पण औषध नको, अशी गत.

कळतंय ना तुम्हाला? काम बंद म्हणजे यंत्रं बंद. म्हणजे आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेवणाची सुट्टी.

म्हणून हा रेडिओ. गोंगाट असला की दादा गप्प असतो. मी, जिनं शांततेसाठी तुमच्या पायऱ्या झिजवल्या, ती आता मिक्सर रिकामा फिरवते. आणि मघाशी तुम्ही बेल वाजवण्याआधी वीज गेली होती थोडा वेळ. तेव्हा दादा नवीन शब्द बोलला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. अगदी मायेनं म्हणाला, "हळू..."

'हळू' कधी म्हणतात तुम्हाला माहीत असेलच. ट्रक मागे आला, आता थोडंच उरलं, की म्हणतात.

काय? नियम. हो, तुमचा नियम आहे, आधी शांततेचा आकडा घ्यायचा, मग रेडिओचा. मौनीबाबाही नियमाचेच होते. ठीक आहे. करा बंद. पण आकड्यावरची नजर काढू नका.

...

बघा त्याचे ओठ.

...

ऐकलंत? आणि आकडा? तिथेच. मी सांगितलं होतं. घाबरू नका, हा आवाज यंत्रात येत नाही. मी बोलतेय तेवढाच हलतोय. थांबा, मी गप्प बसते.

...

...

साहेब, दादा आता थांबलाय. मीही बोलत नव्हते. तुम्ही श्वाससुद्धा घेत नव्हता. मला काही ऐकू येत नाहीये, तुम्हाला येतंय? नाही ना?

मग आकडा चढतोय कशानं?

खुर्ची सोडा. भिंतीपासून लांब व्हा... रेडिओ लावा. लावा म्हणते ना! लागत कसा नाही?

दादा, माझ्याकडे बघ. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, माझ्या ओठांकडे बघ. येऊदेला शेवटचा शब्द म्हणता आला नाही रे, तुला येईल. 'बा' तुला येत होता. बाईंनी शिकवलेलं आठव. ओठ मीट... आता उघड...

बा... म्हण, दादा. बा...