जायफळाची न्याहारी

उजाडता उजाडता सातदरा गडाखालचं धुकं फाटलं आणि पायथ्याची फौज दिसली. गडकऱ्यांचा मेव्हणा शे-पाचशे माणसं घेऊन आला होता, पण नुसता बसून होता. चढणार कसा? फितूर दादजी निकमानं गडकरी बहिर्जी साबळ्यांना कोठडीत कोंडून निरोप धाडला होता, "एक पाऊल वर टाकलंत, की तुमचे दाजी कड्यावरून खाली!"

वर मुदपाकखान्यात गडाची स्वयंपाकीण म्हाळसा जायफळ उगाळत होती. दारात निकमाचा भालाईत उभा. निकमाला ठाऊक नसलेल्या मागच्या चोरदिंडीनं एकटी निसटली असती, पण धन्याला टाकून? गडावरच्या तान्ह्यांना झोपेसाठी जायफळाचे दोन वेढे चाटवायचे, हे तिचं नेहमीचं काम. आज तिनं अख्खी थैली उगाळून पुरणात कालवली आणि चव झाकायला गूळ-वेलदोडा दाबून घातला. निकमाला विजयाची पुरणपोळी हवी होती, तीही न्याहारीलाच.

पण रांधणारीनं आधी खायचं, हा रिवाज. तिनं तुकडा मोडला.

"चाखतेस काय? जेव! दोन पोळ्या संपव माझ्यासमोर," निकम गुरकावला.

"एवढा आग्रह? व्याही लागता की काय माझे?" म्हणत तिनं दोन्ही संपवल्या. आता तीही झोपणार होती.

दुपारी, पोळ्यांवर ताव मारलेले पहारेकरी भिंतीला टेकले ते तिथंच कलंडले. निकम घोरू लागला. म्हाळसाला भिंती फिरताना दिसत होत्या. ती चुलीपर्यंत सरपटली आणि डावा तळहात तापल्या तव्यावर दाबला. किंकाळी पदरात कोंबली. डोळे टक्क उघडले. तेवढ्या शुद्धीत तिनं निकमाच्या कमरेची किल्ली काढून कोठडी उघडली.

"चोरदिंडीनं उतरा, सरकार."

"आणि तू?"

"पाय चालत नाहीत माझे. मला उचलाल तर दोघंही अडकू. निघा म्हणते ना!"

ते गेले. तिनं कुलूप पुन्हा लावलं, किल्ली निकमाच्या कमरेला खोचली आणि चुलीशी कोसळली.

दिवस कलताना पायथ्याशी नगारा झडला. निकम झोकांड्या खात उठला. "साबळ्याला कड्यावर आणा!" किल्ली चाचपली, हसला, कुलूप काढलं. आत नुसतं घोंगडं. मागं वळला, तर साबळ्यांनी चोरदिंडीनं आत आणलेले मावळे समोर उभे, आणि त्याच्या माणसांना धड तलवार पेलवत नव्हती.

म्हाळसा दुसऱ्या दिवशी जागी झाली. उशाशी बहिर्जी बसले होते.

"गड सोडवलास, बाई. हवं ते माग."

"आधी पाणी. घसा सुकलाय," ती खेकसली. "आणि ते दार उघडं टाका. कालच्या कोठडीपासून लोटलेलं दार बघवत नाही मला."