कोटाच्या खांद्यावरचा डाग

बाबांचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. मुरुमांचं औषधी फेसवॉश संपलं म्हणून मी त्यांच्या औषधांच्या दुकानात गेले, तर काउंटरमागे एक अनोळखी तरुण. कानांपर्यंत लाल झालेला... थंडीनं, की पहिल्या दिवसाच्या धास्तीनं, कोण जाणे.

"रोज दोनदा लावा," तो गंभीरपणे म्हणाला. "दोन मिनिटं ठेवायचं, मग कोमट पाण्यानं... आणि हो, घासायचं नाही."

"मुरूम फोडायचेही नाहीत ना?"

"अजिबात नाही!"

"अरे टॉबिन," बाबा आतून हसत आले, "पंधरा वर्षं ती तेच वापरतेय. माझी मुलगी, हेल्मी. शिकव तिला अजून!"

आता त्याची मानही लाल झाली. मी जरा जास्तच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला बर्फ उपसताना बाबा कोसळले. उठले नाहीत.

दुकान टॉबिननं चालू ठेवलं. मी दुपारी मदतीला जायचे. आणि यायची बेकरीतली नोएल. तिच्या हनुवटीवर मोजून दोन मुरूम. तेवढ्यासाठी आठवड्यात तीन फेऱ्या.

"टॉबिन, डावीकडचा बघ ना... वाळला का रे?"

तो चष्मा चढवून वाकायचा. माझ्या गालांवर अख्खी वस्ती होती, पण मला कुणी चष्मा लावून बघत नव्हतं. मी खोक्यांची मांडामांड करायचे – जरा आवाज करत.

एका शुक्रवारी त्यानं गडद निळा कोट घातला.

"नोएलनं चर्चच्या फिश फ्रायच्या जेवणाला बोलावलंय... जाऊ ना?"

"मला काय विचारतोस?"

"विचारतोय खरा."

तेवढ्यात दिसलं. डाव्या खांद्यावर फिकट नारिंगी डाग. तो मी कुठेही ओळखेन. चेहरा नीट धुतला नाही की हे फेसवॉश कापडाचा रंग खातं. माझे टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळे असेच विटलेत. म्हणजे तिथे कुणीतरी गाल टेकवला होता.

"तिला सांग, डोकं टेकवण्याआधी चेहरा नीट धूत जा."

"कुणाला? नोएलला?" त्यानं खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हेल्मी, हा कोट मी एकदाच घातलाय. तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला."

त्या सकाळी मी चेहऱ्याला फेस लावला होता. पाणी कधी मारलं, मारलं का, काहीच आठवत नव्हतं. त्याच्या खांद्यावर रडले होते, ते मात्र आठवत होतं.

"दुसरा कोट नाही तुझ्याकडे?"

"आहे की."

"मग हाच का?"

"तू बघावास म्हणून." त्याचा आवाज उतरला. "सहा आठवडे झाले, तू त्या दिवसाचं नाव काढत नाहीस. मी समोर आलो म्हणून माझा खांदा सापडला, की... तेवढं कळलं, तर कुठे जायचं ते ठरवेन."

बाहेर नोएलच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"तू समोर आला नव्हतास," मी म्हणाले. आवाज फाटला, तरी थांबले नाही. "शेजारी आत्या होती. तू पार मागे, शेवटच्या रांगेत. बाबांना बाहेर नेलं आणि मी सगळे नातलग ओलांडून तुझ्याकडे आले. ओळख चार दिवसांची... पण मला रडायचं होतं, टॉबिन, आणि तूच हवा होतास. अजूनही तूच हवा आहेस."