एका रिंगचा फोन

खोटं वाटत असेल तर सीवूड्सला जाऊन जयमालाला विचारा. माझी मामेबहीण आहे ती. बँकेत नोकरी करते. तिखटमीठ लावून बोलायची तिला सवय नाही. म्हणून तर हे माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवात झाली गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, दिवेलागणीला.

जयमालाने घट मांडला होता. निरांजन लावायला ती वाकली आणि फोन वाजला.

एकच रिंग.

मग बंद.

नंबर परदेशातला होता. कोड कधी न पाहिलेला. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. पण जयमालाचा नवरा अभिराम जहाजावर इंजिनियर. बंदरात उतरला की मिळेल ते सिमकार्ड घ्यायचा आणि घरी फोन लावायचा. त्यामुळे कुठलाही अनोळखी कोड दिसला की तिला वाटायचं, आपलाच माणूस.

तिने उलट फोन लावला.

कोणीतरी उचलला. पण बोललं कोणीच नाही.

"अभिराम?"

नुसती घरघर. खूप लांबून मशीन चालू असल्यासारखी.

आणि मग...

टण.

लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं.

टण... टण...

"अभिराम, ऐकू येतंय का? मी बोलतेय."

आवाज थांबला. एकदम. पलीकडचा माणूस कान देऊन ऐकतोय, असं तिला वाटलं. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, तिलाही सांगता येत नाही. शेवटी बॅलन्स संपला आणि फोन कट झाला.

घरात आल्या आल्या विश्वजितने, म्हणजे तिच्या दिराने, नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, फ्रॉड आहे हा. एक रिंग देतात. आपण उलट फोन केला की मिनिटामिनिटाला भरमसाट पैसे कापतात."

"आणि तो आवाज?"

"रेकॉर्डिंग असतं. कोणी गाणी लावतं, कोणी रडणारं पोर. तुम्ही लाईनवर थांबायला पाहिजे ना. टेन्शन नका घेऊ."

त्याने नंबर ब्लॉक केला. मोबाईल कंपनीला फोन करून तिच्या सिमवरून परदेशी कॉल लावायची सोयच बंद करून घेतली.

जयमालालाही पटलं. दोन-तीन दिवस ती स्वतःलाच हसत होती.

रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालत होती.

फोन वाजला. एकच रिंग.

तोच नंबर... ब्लॉक केलेला.

लावायचा नाही, असं तिने ठरवलं. दोन कपडे दोरीवर टाकले. तिसरा हातातच राहिला. अभिरामचं जहाज चार दिवसांपासून समुद्रात होतं आणि त्याचा एकही मेसेज नव्हता.

तिने लावला. लागणार नाहीच, असं समजून.

लागला.

टण... टण... टण... या वेळी घाईघाईने.

आणि मग एक आवाज. तरुण. दमलेला.

"झाकन उघरा..."

हा अभिराम नव्हता. पण बोलणं ओळखीचं होतं. सारसोळ्याची कोळीण यशोदाबाई दारावर मासळी घेऊन येते, अगदी तिच्यासारखं.

"मी आत हाय. झाकन उघरा."

"कोण तू? कुठे आहेस?"

घरघर. मग तीही नाही. फोन आपोआप बंद झाला.

विश्वजितने कंपनीत चौकशी केली. पहिल्या फोनचे पैसे कापले गेले होते. दुसऱ्या फोनची नोंदच नव्हती. असा फोन झालाच नाही, म्हणाले.

दोन दिवसांनी जहाजावरून अभिरामचा फोन आला. वायफाय बंद पडलं होतं, एवढंच. जयमालाने हसत हसत त्याला सगळं सांगितलं.

तो हसला नाही.

"अभिराम?"

"तुला हे कोणी सांगितलं, जया?"

"काय?"

"ठोकण्याचं."

जहाजाच्या तळाशी समुद्राचं पाणी भरायच्या टाक्या असतात. त्यातल्या एका रिकाम्या टाकीतून गुरुवारपासून ठोकल्याचा आवाज येत होता. सगळ्यांनी ऐकला होता. सगळी माणसं मोजली, कोणी कमी नव्हतं. रविवारी बोल्ट काढून झाकण उघडलं. अभिराम स्वतः बॅटरी घेऊन आत वाकला होता.

"काहीच नव्हतं. चिखल आणि गंज."

"तो मराठीत बोलत होता, अभिराम."

"या जहाजावर मराठी बोलणारा मी एकटाच आहे," तो म्हणाला.

झाकण लावल्यावर जहाजावरचा आवाज थांबला. जयमालाचा फोनही गप्प झाला.

चैत्रात अभिराम घरी आला. बारीक झाला होता. आल्याचे पहिले आठवडे बरे गेले. दोघं बाजारात जात, पाहुण्यांकडे जात. त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी दोघं चहा घेत बसले होते. मध्ये टेबलावर जयमालाचा फोन.

एकच रिंग.

जयमालाने हात पुढे केला. त्याआधी अभिरामने फोन उचलला.

"नको लावूस," ती म्हणाली.

त्याने लावला. कानाला धरला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याचा चेहरा तिने कधी तसा पाहिला नव्हता. मग एखाद्या लहान पोराची समजूत घालावी तसा तो हळू आवाजात म्हणाला,

"उघडलं होतं रे. तू दिसला नाहीस."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. अभिरामने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

तो उठून खिडकीपाशी गेला. खाडीकडे बघत उभा राहिला.

"अभिराम, काय म्हणाला तो?"

"म्हणाला... मग परत बंद का केलंत?"

ते जहाज अजून चालू आहे. कुठल्या समुद्रात आहे ते अभिराम रोज मोबाईलवर बघतो. त्याने जहाजाच्या कंपनीला दोनदा लिहिलं, ती टाकी पुन्हा उघडून बघा म्हणून. त्यांनी कारण विचारलं. ते त्याला लिहिता आलं नाही.